मायनं भरलेली बंडी

चिंधू कळंब्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. अंगच उठवायचं. पांढुर्ण्याच्या स्टेशनामागं आत्याचं घर होतं, त्याच्या ओसरीवर तो झोपायचा. उठला, तोंडावर पाणी मारलं, डोक्याला दुपट्टा गुंडाळला की थेट फलाट गाठायचा. तिथं संत्र्याच्या करंड्यांच्या थप्प्या लागलेल्या असायच्या. गाडी येण्याआधी त्या फलाटाच्या टोकाला न्यायच्या आणि गाडी आली की डब्यात चढवायच्या. गाडी फार वेळ थांबत नसे.

करंडी उचलायची रीत असते. कमरेतून वाकून उचलली तर दुपारपर्यंत माणूस कामातून जातो. गुडघे मोडून बसायचं, करंडी छातीशी घ्यायची आणि मग उठायचं. डब्यात ती टाकायची नाही, ठेवायची. आपटलेली करंडी मुक्कामाला पोचेपर्यंत तळातून पाझरायला लागते. टाकणारे हमाल भराभर मोकळे व्हायचे. चिंधू ठेवणारा होता, म्हणून व्यापारी त्यालाच हाक मारायचे.

उजाडलं की तो नळावर हातपाय धुवायचा, एकुलता पांढरा सदरा चढवायचा आणि कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या फाटकात शिरायचा. तिथं तो हमाल नव्हता, नागपूरच्या तंत्रशाळेचा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी होता. एखाद्या कारखान्यात उमेदवारी करायची, तिथल्या गरजेची एक वस्तू स्वतः आखून उभी करायची, ती नीट चालते असा कागद कारखान्याकडून आणायचा आणि मगच परीक्षेला बसायचं, असा शाळेचा नियम होता. त्या कागदासाठी तो आला होता.

त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून ह्याला नजर लागू नये, मरणानं ह्याच्याकडं ढुंकून पाहू नये, असं नाव ठेवलं होतं. शाळेत हजेरी घेताना मास्तर ‘चिंधू’ म्हणाले की मागच्या बाकावरची पोरं हसायची. तो ‘हजर’ म्हणायचा आणि पुन्हा कागदावर मान घालायचा.

साल छप्पनचं. दसरा झाला होता, दिवाळी तोंडावर आली होती. नोव्हेंबरच्या एक तारखेपासून नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि पांढुर्णा, सौसर मध्य प्रदेशातच राहणार, राजधानी मात्र भोपाळ, हे पक्कं झालं होतं. शाळेत कुणी म्हणायचं, यंदा जुन्या नियमानं परीक्षेला बसू देतील, पुढच्या साली तुमच्या जिल्ह्याच्या पोरांचं काय होईल सांगता येत नाही. खरं कुणालाच माहीत नव्हतं. चिंधूनं एवढंच ओळखलं होतं की कागद ह्याच हंगामात हाती पडला पाहिजे.

जिनिंगचे मॅनेजर श्रीधरराव गावातल्याच मास्तरांच्या घरचे. हुशार आणि घाईचे. त्यांनी बंद पडलेल्या एका जिनमधून मोठ्या काट्याचं जुनं सामान आणून ठेवलं होतं. तरफा, साखळ्या, वजन सरकवायची दांडी, सगळं होतं. वरचा पाट आणि खालचा खड्डा मात्र नव्हता. आतापर्यंत कापूस टांगत्या काट्यावर गाठोडं गाठोडं तोलायचे. हंगामात कापसाच्या बैलबंड्यांची रांग स्टेशनच्या रस्त्यापर्यंत जायची आणि शेतकरी बंडीखालीच रात्र काढायचे.

“अख्खी बंडी एकदम तोलता आली पाहिजे,” श्रीधरराव म्हणाले. “भरलेली एकदा, रिकामी एकदा. कर नकाशा.”

चिंधूनं नकाशा केला. शाळेत त्यानं मोटारीच्या काट्याची चित्रं पाहिली होती. मोटारीला चार चाकं, सगळी पाटावर येतात. बंडीला दोनच. तेव्हा पाट आखूड चालेल, खड्डा लहान लागेल, सागवानही कमी. बैल सोडायचेच नाहीत. चाकं पाटावर, बैल पुढं जमिनीवर उभे. वजन झालं की हाकला पुढं. बैल पाटावर घेण्यात अर्थ नव्हता, ते अंग हलवतात, शेण टाकतात, दांडी ठरू देत नाहीत.

“पण जू बैलांच्या खांद्यावर असते नं? त्याचं वजन?” श्रीधररावांनी एवढं विचारलं होतं.

“जुवाले वजन नसतेच, साहेब,” चिंधू म्हणाला. “मी लहानपणापासून पाहून राहिलो. भरली बंडी असो, जू दोन बोटांनी उचलते.”

हे तो खोटं बोलत नव्हता. त्यानं घरची बंडी पाहिली होती आणि घरची बंडी केसरबाई भरायची.

केसरबाई त्याची माय. मोहगावाकडच्या त्यांच्या खेड्यात बंडी हाकायची बापानं, भगवंतरावांनी, आणि भरायची केसरबाईनं, अशी वाटणी लग्नाच्या सालापासून होती. बाजूंना बांबूचे तट्टे बांधलेल्या बंडीत ती उभी राहायची, खालून कापूस यायचा आणि ती तो पायानं तुडवत जायची. आसाच्या पुढं जितका, तितका मागं. चार पाट्या पुढं पडल्या की हात वर करून थांबवायची, मागं तुडवायची, खाली उतरून जू उचलून पाहायची आणि पुन्हा चढायची. पाय सोलून निघायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकताना गावात कुणाच्या बैलाला गाठ असे, कुणाच्या बैलाची कातडी गेलेली असे. कळंब्यांच्या जोडीचे खांदे गुळगुळीत असायचे. केसरबाई त्यावर हात फिरवायची.

खड्डा खणला गेला. दादाजी गवंड्यानं दगडांची बांधणी केली. तरफा बसल्या, वर सागवानी पाट आला. तपासणीसाठी ओळखीची बंडी बरी म्हणून चिंधूनं घरी निरोप धाडला. भगवंतराव आणि केसरबाई पहिल्या वेच्याचा कापूस घेऊन आले. तो आधी टांगत्या काट्यावर गाठोडं गाठोडं तोलला. मग केसरबाईनं जिनच्या आवारातच तो पुन्हा बंडीत भरला. पदर खोचला आणि तुडवत बसली.

“काय व, सरळ टाकून दे ना,” भगवंतराव खालून ओरडले. “पन्नास पावलं जायचं आहे, दिल्लीले नाही.”

“बैलाले काय ठावं पन्नास पावलं आहे म्हणून?” केसरबाई म्हणाली. “तुमी गाठोडं द्या अन् गुमान रहा.”

दादाजी गवंडी हसला. “भगवंतराव, घरातही असंच तोलून चालते काय जी?”

“घरात तर दांडी तिच्याच हातात आहे, बाप्पा.”

बंडी पाटावर चढली. चिंधूनं दांडीवरचं वजन सरकवलं. दांडी थरथरली आणि आडवी थांबली. भरलेल्या बंडीतून रिकामी वजा केली. टांगत्या काट्याचं आणि ह्याचं उत्तर एकच. श्रीधररावांनी चिंधूच्या पाठीवर थाप मारली. “हंगामाच्या मुहूर्ताच्या दिवशी कागदावर सही करतो. सगळ्यांसमोर.”

भगवंतरावांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. एवढंच. केसरबाई बैलांना पाणी दाखवायला गेली होती.

मुहूर्त दिवाळी झाल्यावर निघाला. तोवर एक तारीख येऊन गेली होती. लोक एकमेकांना विचारत होते की आता आपण कुठले. भगवंतराव म्हणाले, “रेल्वे तर नागपूरलेच जाते ना अजून? मंग झालं.” फाटकाला आंब्याची पानं लागली. रिवाजाप्रमाणं पहिल्या बंडीच्या बैलांना हळदकुंकू लागलं, मालकाला नारळ आणि पागोटं मिळालं. पहिली बंडी तोलून झाली. श्रीधररावांच्या खिशात चिंधूचा कागद होता. सही तेवढी बाकी होती. नागपूरला फॉर्म पोचवायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि संध्याकाळच्या गाडीनं निघायचं म्हणून चिंधूनं पिशवी सोबतच आणली होती.

दुसरी बंडी मनकर्णाबाईची. लोधीखेड्याकडची बाई, स्वतः कासरा धरून आलेली. पाटावर बंडी उभी राहिली, रिकाम्या बंडीचं अंदाजी वजन वजा धरून चिंधूनं कापसाचं वजन सांगितलं आणि ती कासरा सोडून काट्याजवळच आली.

“किती म्हनलं?”

चिंधूनं पुन्हा सांगितलं.

“कायले फसवून राहिला बे? घरी तोलून आणला मी. रस्त्यात काय बैलानं खाल्ला कापूस?”

“बाई, घरच्या काट्याचा भरवसा नसतो,” श्रीधरराव म्हणाले.

“अन् ह्या पोट्ट्याच्या काट्याचा असते काय? कालचा जन्मलेला काटा तुमचा!”

रांगेतले लोक हसले. चिंधू मात्र बैलांकडं पाहत होता. दोन्ही बैलांच्या माना खाली दाबलेल्या होत्या आणि जू खांद्यात रुतलं होतं. तो पुढं गेला आणि त्यानं जुवाखाली हात घातला. दोन बोटांनी काय, दोन्ही हातांनी जू हललं नाही.

“बंडी कोणी भरली, बाई?”

“दिरानं भरली. मागून टाकत गेला अन् पुढं ढकलत गेला. मले घाई होती.”

 चिंधूनं जिनच्या एका माणसाला दांडीवरचं वजन बघायला सांगितलं आणि बंडीच्या पुढल्या टोकाला, जुवाजवळ चढून बसला. दांडी जेमतेम हलली. तिथून उतरून तो मागच्या टोकाला जाऊन बसला. दांडी झटक्यात वर गेली. माणसानं वजन सरकवलं, पुन्हा सरकवलं आणि तोंड उघडं टाकून पाहत राहिला.

“पुढं बसला तर पोट्टा कोंबडीएवढा,” तो म्हणाला, “अन् मागं बसला तर दोन पोट्टे!”

“मागं बसून भाकरी खाल्ली काय बे?” रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि सगळे मोठ्यानं हसले. मनकर्णाबाईही हसली. चिंधू मागच्या फळीवर तसाच बसून होता. त्याला सगळं दिसलं होतं. बंडी म्हणजे आसावर ठेवलेली तरफच. पुढं भार असला की तेवढं वजन बैलांच्या खांद्यावर जातं आणि पाटाला कळतच नाही. मागं भार असला की जू वर उठतं आणि पाटाला नसलेलं वजनही कळतं. काटा फक्त एकाच बंडीला खरा होता, नीट तोलून भरलेल्या. आणि तपासणीला त्यानं तीच आणली होती.

श्रीधररावांनी त्याला बाजूला घेतलं. ते रागावलेले नव्हते.

“हे बघ, चूक आहे. पुढच्या साली पाट वाढवू. मनकर्णाबाईचा माल टांगत्या काट्यावर तोलून देतो, तिचं नुकसान नाही होणार. हा कागद घे अन् संध्याकाळची गाडी पकड.”

“आणि बाकीच्या बंड्या?”

“लोक भरतील हळूहळू नीट. आपण सांगू त्यांना.”

“सगळ्यांच्या घरी माझी माय नाही, साहेब.”

श्रीधररावांनी कागद पुढं धरला. त्यावर टंकलेलं होतं की उमेदवारानं आखलेला काटा अचूक तोलतो. चिंधूनं ‘अचूक’ हा शब्द वाचला. हात पुढं केला नाही.

“मग काय लिहू मी?” श्रीधररावांचा आवाज चढला. “तारीख उद्याची आहे. पुढच्या साली नागपूर तुला ओळखंल का नाही, ठाऊक आहे?”

“ठाऊक नाही. पण आत्ता काही लिहू नका.”

“हंगाम सुरू झाला अन् मी काटा बंद करू? शेठला काय सांगू?”

“सांगा, पोट्ट्यानं खड्डा आखूड धरला.”

 श्रीधररावांनी कागद घडी करून पुन्हा खिशात घातला. “खणायला माझ्याकडं माणूस नाही. हंगामात सगळे आत सरकी काढायला रेच्यावर आहेत. उमेदवार म्हणून नाही, मजूर म्हणून राहशील तर रोजी देतो.”

“राहतो.”

संध्याकाळची गाडी आली आणि गेली. चिंधू आवारात फावडं घेऊन उभा होता.

उपाय साधा होता, मेहनतीचा होता. बैल सोडायचेच. बंडीच्या पुढच्या दांड्यांखाली टेकू लावायचा आणि तो टेकूसुद्धा पाटावर आला पाहिजे, म्हणजे पुढचा भार असो की मागचा, सगळा पाटावरच उतरेल. त्यासाठी पाट पुढं लांबवायचा. सागाच्या तुळया तरफांच्या पुढं निघतील तरी टेकूचा भार पेलतील एवढ्या जाड हव्यात. आणि तुळयांना खाली मोकळं हलता यावं म्हणून खड्डाही लांब हवा. बैल न सोडता वजन, ही चिंधूची फुशारकी त्यात गेली. रांग पुन्हा लांबणार होती, फक्त पहिल्यापेक्षा कमी.

दादाजी गवंडी आपणच बसवलेले दगड उपटताना पुटपुटत होता. “मले म्हणते, पक्कं बांध. पक्कं बांधलं तर म्हणते, आता तोड. कच्चं बांधलं असतं तर निदान लवकर निघालं असतं.”

“तुमचं कामच चांगलं आहे, मिस्त्री.”

“तेच तर रडणं आहे.”

वर काळी माती होती, तिला फावडं पुरायचं. खाली मुरूम लागला आणि सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घ्यावी लागली. मुरमात सब्बल अंगाच्या जोरानं मारायची नसते. उचलायची आणि तिच्या वजनानं पडू द्यायची, हातानं फक्त दिशा द्यायची. चिंधूला हे पहिल्या दिवशी माहीत नव्हतं. तळहात फुटल्यावर कळलं. पहाटे करंड्या, मग खड्डा. कडा सुटू नयेत म्हणून तो दोरी ताणून खणत होता, दादाजीनं सांगितलं नसतानाही. तिकडं टांगत्या काट्यावर गाठोडं गाठोडं तोलणं सुरू होतं. रांगेतले लोक खड्ड्यात डोकावून विचारायचे, “काय बे शिकलेल्या, विहीर खणून राहिला काय?” तो म्हणायचा, “पाणी लागलं तर तुम्हालेच पाजतो, काका.”

बाजाराच्या दिवशी भगवंतराव आणि केसरबाई आले. खड्ड्याच्या काठावर बसून तिनं भाकरी सोडली. तिला लोकांकडून कळलं होतं.

“माह्या बंडीनं तुहं नुसकान केलं म्हणतात,” ती म्हणाली.

“कोण म्हणते?”

“म्हणत असन कोणी. खरं सांग. मी वाकडीतिकडी भरली असती तर?”

“तर चूक त्याच दिवशी दिसली असती, माय. तेव्हा वेळ होता.”

 आयुष्यभर जे नीट केलं, त्याच्या आड पोराची चूक लपून बसली, हे केसरबाईला पचत नव्हतं. चिंधूलाही त्याचा अर्थ सरळ लागत नव्हता. चांगलं काम दुसऱ्याचं वाईट काम झाकू शकतं, हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. आणि त्यात मायचं काय चुकलं, तर काहीच नाही. तपासायचं ते वाईटात वाईट बंडीनं तपासायचं, एवढं मात्र त्याला कळलं.

“मंग पुढच्या खेपेले मले भरू देजो,” भगवंतराव म्हणाले. “माह्यासारखी वाकडी बंडी पूर्ण जिल्ह्यात कोणी भरत नाही.”

केसरबाईला हसू आलं. तिनं तोंड फिरवलं.

खरंच तसं झालं. पाट लांबला, टेकूची जागा ठरली आणि तपासणीला भगवंतरावांनी बंडी भरली. केसरबाईला हात लावू दिला नाही. ती फाटकाजवळ पाठ करून उभी राहिली. सगळा कापूस पुढं दाबला, वजन घेतलं. सगळा मागं ओढला, बंडी उलाळ होऊन मागं कलली, मागून पाटावरच टेकू देऊन पुन्हा वजन घेतलं. दांडी दोन्ही वेळा त्याच खुणेवर आडवी थांबली. मनकर्णाबाई त्या दिवशी दुसरी खेप घेऊन आली होती. तिनं विचारलं, “आता पोट्टा कुठंही बसला तरी एकच ना?” मग चिंधूला पुढं बसवलं, मागं बसवलं आणि स्वतः दांडी पाहिली. “हाव,” ती म्हणाली आणि बैल सोडायला लागली.

चिंधू पूर्ण हंगाम काट्यावर रोजीनं राहिला. पहाटेच्या करंड्याही सुटल्या नाहीत. उन्हाळा लागला, रेचे थांबले, तेव्हा श्रीधररावांनी कागद नव्यानं टंकून सही केली. ह्या वेळी त्यात एक ओळ जास्तीची होती. काटा उमेदवारानं स्वतः दुरुस्त केला, असं तीत लिहिलं होतं. चिंधूनं कागद वाचला, घडी घातली आणि त्याच आठवड्यात नागपूर गाठलं.

शाळेच्या खिडकीत कारकून नवा होता. त्यानं कागद उलटसुलट पाहिला.

“कुठले?”

“पांढुर्णा.”

“म्हणजे आता बाहेरच्या राज्याचे.” कारकुनानं आत जाऊन कुणाला तरी विचारलं. चिंधू खिडकीचा गज धरून उभा होता. त्याच्या मागं रांग वाढत होती. कारकून परत आला. “मुदत कधीच गेली, तरी बसता येईल. पण फी बाहेरच्यांची लागेल. अन् उशिराची वेगळी.”

चिंधूनं सदऱ्याच्या आतल्या खिशातून दुपट्ट्याची गाठ काढली आणि खिडकीच्या फळीवर सोडली. करंड्यांची हमाली, खड्ड्याची रोजी आणि काट्याची रोजी, सगळी त्यात होती. फीला ती पुरली. परीक्षेच्या दिवसांतल्या खानावळीलाही पुरली आणि शेवटचा पेपर झाल्यावर परतीच्या तिकिटालाही.